टोकं जाड, मध्ये बारीक

गिझर चालू असताना कोणी इस्त्री लावली की थोड्या वेळाने एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, पडायचा. रोज जाऊन तो वर करायचा कंटाळा आला, म्हणून वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, 16 अँपिअरचा कमी पडतोय. 32चा टाकू आणि वायर चार एमएमची ओढू." सल्ला चुकीचा नव्हता, म्हणून तर मी गाफील राहिलो.

संध्याकाळी त्याने डीबी, म्हणजे एमसीबीचा डबा, उघडून दाखवला, जाड नवी वायर. स्विचबोर्ड उघडला, तिथेही जाड. वर मुद्दाम शॉर्ट करून दाखवला, एमसीबी खाडकन पडला. मी पूर्ण वायरीचे पैसे मोजले.

त्यानंतर एमसीबी एकदाही पडला नाही. काही महिन्यांनी मात्र छताजवळ जळकट वास येऊ लागला. जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं, तर नव्या वायरीचा हातभर तुकडा जुन्या दीड एमएमच्या वायरीला पिळून वर टेप गुंडाळलेली! दुसऱ्या टोकालाही तेच. पाइपात सगळी जुनीच वायर.

शॉर्टचा तो प्रयोग खोटा नव्हता, अर्धा होता. शॉर्ट झाला की एमसीबीतली चुंबकीय कॉइल क्षणात सर्किट तोडते. जास्त भार ओळखते ती वेगळी, तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी, आणि ती वेळ घेते. 32चा एमसीबी 36 अँपिअरवर तासभरही पडत नाही. पाइपातली दीड एमएमची तांब्याची वायर पेलते साधारण 15 ते 17. माझा भार 24च्या आसपास. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 16 अँपिअरला होते त्याच्या सव्वादोन पट! साधं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतचं. एमसीबी उपकरणं वाचवायला असतो, असं मी समजत होतो. तो असतो वायरीसाठी. जुना 16चा बिचारा आपलं काम चोख करत होता, आणि मीच त्याला वैतागून काढायला लावलं.

दुसऱ्या वायरमनने पहिलाच प्रश्न विचारला, "काढलेली जुनी वायर कुठे ठेवलीय?" मी गप्प. वायर खरंच बदलली असती, तर जुन्या वायरीचं भेंडोळं घरात पडलं असतं.

या वेळी वायर ओढून होईपर्यंत मी शिडीपाशी उभा होतो. चार एमएमची अखंड वायर, त्यावर 25चा एमसीबी. जुनी वायर हातात घेऊन जॉइंटजवळ जरा वाकवली, तर आवरणाचे कपचे निघाले.