बीएस्सीनंतर नर्सिंग? सीईटी क्लासला चार स्टार, त्यांच्या काउन्सेलिंगला एक

आधीच सांगते, शिकवण्याला चार स्टार, काउन्सेलिंगला एक, आणि तो एक पण तिथला चहा बरा होता म्हणून. क्लासचं नाव टाकत नाहीये कारण जे खटकलं ते एकट्या ह्याच क्लासचं नाही, संभाजीनगरात कुठल्याही चौकात उभं राहा, नर्सिंग सीईटी, हमखास ॲडमिशन, जर्मनीत नोकरी असले फ्लेक्स दिसतातच. आणि हा रिव्ह्यू बारावीच्या लेकरांसाठी नाहीये, त्यांच्यासाठी ढीगभर माहिती आहे, हा आपल्यासारख्यांसाठी आहे ज्यांची एक डिग्री होऊन गेलीये, नोकरी आहे किंवा असून नसल्यासारखी आहे, आणि आता डोक्यात नर्सिंगचा किडा वळवळायला लागलाय.

मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, वाळूजला एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला. काम वाईट नाही, पण दिवसभर प्लेटा, इनक्युबेटर आणि लॉगबुक, आणि पुढे जायचं तर एमएस्सी करा, ते करूनही त्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायचं. वय 24. घरी पप्पा म्हणतात एवढं शिकून परत फर्स्ट इयरला बसणार का, आणि मावशी म्हणते नर्सला कधी घरी बसायची वेळ येत नाही. दोघांचंही खरंच आहे ना, म्हणून तर अडकले.

तर क्लास. शनिवारची किंवा रविवारची बॅच, 14,000 फी, आणि "करिअर काउन्सेलिंग व ॲडमिशन गायडन्स" चे 3,000 वेगळे. मी दोन्ही घेतलं, कारण मला सीईटीपेक्षा "करू की नको" ह्याचंच उत्तर पाहिजे होतं.

आधी चांगलं. बीएस्सी नर्सिंगची सीईटी 100 प्रश्नांची, दीड तास, फिजिक्स केमिस्ट्री बायो इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड असे प्रत्येकी 20, निगेटिव्ह मार्किंग नाही. बायोवाले सर भारी आहेत, हृदयातला रक्तप्रवाह त्यांनी पोरांना उभं करून शिकवला, एक पोरगा उजवी कर्णिका, एक पोरगी फुप्फुस, आणि जी चुकीच्या झडपेतून गेली तिला परत पाठवायचे, हसून हसून पुरेवाट पण विसरायची सोय नाही. केमिस्ट्री ठीक. फिजिक्स मात्र नोट्स वाचून दाखवतात, ते घरी केलं तरी चालेल, आणि डिग्री झालेल्यांना बारावीचं फिजिक्स किती गंजलेलं असतं ते पहिल्याच टेस्टला कळतं, त्यामुळे तेवढी तयारी ठेवा. मॉक टेस्ट कॉम्प्युटरवर घेतात, हे चांगलंय, खरी परीक्षा पण कॉम्प्युटरवरच असते.

पण क्लासचा खरा माल म्हणजे ॲप्टिट्यूड शिकवणाऱ्या मॅडम. सरकारी दवाखान्यातून इनचार्ज सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. पहिल्याच लेक्चरला त्यांनी दोन बेंच जोडले, पिशवीतून पांढरी चादर काढली आणि म्हणाल्या, "चला, एकेकीनं बेड करा." आम्ही आपली घरच्यासारखी चादर टाकली, चारी बाजू खाली कोंबल्या, झालं. मॅडमनी एका हातानं कोपरा धरून उचलला, 45 अंशात त्रिकोण केला, खालचा भाग आत, मग त्रिकोण सोडून परत आत, आणि वरून हात फिरवला तर एक सुरकुती नाही. म्हणाल्या, "ही सुरकुती तुम्हाला काही करत नाही, पण पंधरा दिवस पाठीवर पडलेल्या म्हाताऱ्याच्या माकडहाडाशी ती असली की तिथं जखम होते, आणि ती जखम भरायला महिने जातात." मग प्रत्येकीकडून परत परत करून घेतलं. सीईटीत ह्यातलं काही विचारत नाहीत हो, पण मला पहिल्यांदा कळलं की हे काम नेमकं कसलंय.

त्यांनीच नाईटबद्दल सांगितलं, एका वॉर्डात पेशंट किती आणि सिस्टर किती, कोणाचं सलाईन संपतंय, कोणाचे नातेवाईक भांडतायत, सुईसाठी शीर सापडत नाहीये, पहाटेचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायचेत आणि सकाळच्या शिफ्टला ओव्हर देताना, म्हणजे पेशंट सोपवताना, एक गोष्ट जरी सांगायची राहिली तर ती पुढच्या माणसाच्या जिवावर. पाठदुखी, व्हेरिकोज व्हेन्स, सणावारी ड्युटी, सगळं सांगितलं. दोन मुली पुढच्या आठवड्यापासून आल्याच नाहीत, ऑफिसवाले मॅडमवर जरा नाराज पण झाले म्हणे. माझ्या मते त्या दोघींची चार वर्षं वाचली, फी वसूल.

आणि मी मायक्रोची आहे कळल्यावर मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स नावाचं पद असतं, एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं सर्टिफिकेट, घ्यायचं तर ते लागतंच. हातांची स्वच्छता बघणं, कॅथेटरमुळे होणाऱ्या इन्फेक्शनची नोंद ठेवणं, कल्चर रिपोर्ट बघून वॉर्डाला सांगणं. म्हणजे माझी तीन वर्षं अगदीच पाण्यात नाहीत. हे एक वाक्य 3,000 च्या काउन्सेलिंगमध्ये यायला पाहिजे होतं, आलं फुकटात, जिन्यात.

आता काउन्सेलिंग. केबिन, एसी, चहा. सरांनी बारावीचे पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) मार्क विचारले, कॅटेगरी विचारली, बजेट विचारलं. मी काय शिकलेय, काय काम करते, नर्सिंग का पाहिजे, ह्यातलं काही नाही. मीच विचारलं की सर माझं बीएस्सी झालंय तर काही वर्ष वाचेल का, तर म्हणे "बघू, कॉलेजशी बोलून घेऊ". ह्यात बोलण्यासारखं काय आहे मला सांगा. अमेरिकेत दुसरी डिग्री असलेल्यांसाठी वर्ष-दीड वर्षाचे फास्ट नर्सिंग कोर्स असतात, यूट्यूबवर ते बघून आपल्याकडं पण असेल असं वाटतं, पण आपल्याकडं तसं काही नाही. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षं, आता 8 सेमिस्टर, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं, तुम्ही बीए असा, एमएस्सी असा, फर्स्ट सेमपासूनच सुरू. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, 3 वर्षं, ते पण पहिल्यापासून. मायक्रोबायोलॉजी मला परत पहिल्यापासून शिकायची, सायकॉलॉजीत बीए केलेलीला सायकॉलॉजी परत. पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं असतं ते ऐकून काही जण खूश होतात, पण ते जीएनएम झालेल्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आणि ॲडमिशनला डिग्रीचे मार्क कोणी बघत नाही, बारावीचं पीसीबी आणि इंग्रजी बघतात, ओपनला 45 टक्के पाहिजेत. बारावी कॉमर्स-आर्ट्समधून केलेल्यांना बीएस्सी नर्सिंगचा दरवाजा बंद, जीएनएमला इंग्रजी घेऊन 40 टक्के असले तर कुठल्याही शाखेचे चालतात, सायन्सला प्राधान्य.

हे सगळं इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात लिहिलेलं आहे, पाच मिनिटात सांगण्यासारखं, पण सांगितलं की गिऱ्हाईक उठून जाईल ना.

दुसरं, स्कॉलरशिप. सर म्हणाले "महाडीबीटीला फॉर्म भरू, होऊन जातं", महाडीबीटी म्हणजे सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. इथं प्लीज नीट वाचा. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा नियम असा आहे की एका पातळीचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीचं दुसरं शिक्षण घेत असाल, जसं बीएनंतर बीकॉम, तर ती मिळत नाही. म्हणजे बीएस्सीनंतर बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या एससी, ओबीसीच्या मुलामुलींनी ती धरूनच चालायची नाही. 2024 ला राज्य सरकारनं मुलींची प्रोफेशनल कोर्सची फी माफ केली, 8 लाखांच्या आत उत्पन्न आणि कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) ॲडमिशन असेल तर, पण मॅनेजमेंट कोट्याला ती नाही, आणि आधीची डिग्री असलेल्यांनी समाजकल्याण ऑफिसला जाऊन लेखी विचारून घ्या, क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर घरच्यांना आकडा सांगू नका. माझ्या बॅचमधल्या एकीनं तसाच सांगून ठेवला होता, मग घरात जे झालं ते झालं.

तिसरं तर कहरच. मी म्हटलं सर नोकरी सोडून चार वर्षं घरी कसं सांगू, तर आवाज बारीक करून म्हणे बाहेरच्या राज्यात एक कॉलेज आहे, जीएनएम, अटेंडन्सचं टेन्शन नाही, परीक्षेला जायचं फक्त, नोकरी चालू ठेवा. अरे! सुई कुठं टोचायची हे न शिकता नर्स? कौन्सिलच्या नियमात थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकलचे तास तर शंभर टक्के भरून द्यावे लागतात. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआय चौकशी लागली, बिल्डिंग नाही, हॉस्पिटल नाही अशी कॉलेजं निघाली, आणि भोगलं ते परीक्षा लटकलेल्या पोरांनी. त्यामुळे कॉलेज कुठलंही असो, इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा, आणि कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं आहे ते चालत जाऊन बघा. वॉर्डात पेशंट नसतील तर तुम्ही शिकणार कोणावर? बाँड (शिकून झाल्यावर तिथंच नोकरी करायची अट) आणि ओरिजिनल कागद अडकवून ठेवण्याबद्दल पण आधीच विचारा.

मग शेवटी वही घेऊन मीच बसले. एम्सची नॉरसेट आहे ना, नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, बेसिक पगार 44,900 ने सुरू होतो, तिला वय 30 पर्यंत, कॅटेगरीला सूट वेगळी. बीएस्सी नर्सिंगवाल्याला अनुभव लागत नाही, जीएनएमवाल्याला 50 खाटांच्या हॉस्पिटलातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे मी 24 ला बीएस्सी धरलं तर 28 ला बाहेर, हातात दोनेक वर्षं. जीएनएम धरलं तर 27 ला बाहेर, अनुभव धरून 29, म्हणजे दिसायला तीन वर्षांचा स्वस्त कोर्स पण ह्या दाराशी तोच उशिरा पोचतो. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) 35,400 चं बेसिक, तिथं वय ओपनला 38 आणि मागासवर्गीयांना 43, त्यामुळे तिथं घाई नाही, पण जाहिरात निघायची वाट बघत बसावं लागतं. आणि तिशीच्या आसपास असाल तर नॉरसेट सोडूनच हिशोब करा.

खासगीचं वेगळंच. सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली होती, तिनं 2016 ला सांगितलं की 50 पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलात पण नर्सला कमीत कमी 20,000 द्या आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतकं. कागदावर आहे ते. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला एकदा खरा आकडा विचारून बघा, मी दोघींना विचारला, माझ्या क्यूसीच्या पगाराला नावं ठेवणं तेव्हापासून बंद केलं.

जर्मनीचा फ्लेक्स खोटा नाही पण अर्धा आहे. महाराष्ट्र सरकारचा 2024 ला बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार झाला, त्यात नर्सेस पण आहेत. पण तिकडं नर्स म्हणून उभं राहायला साधारण बी-टू लेव्हलपर्यंत जर्मन भाषा लागते, आणि ती शनिवार-रविवारी चार गाणी ऐकून येत नाही. उलट तिकडं जाऊनच शिकायचं असेल तर ऑसबिल्डुंग नावाचा तीन वर्षांचा प्रकार आहे, शिकताना पैसे मिळतात, आणि त्याला इथलं नर्सिंग झालेलंच पाहिजे असं नाही. हे मला काउन्सेलरनं सांगितलं नाही, कारण त्यात त्याला इथली सीट विकता येत नाही.

एवढं करून माझं काय ठरलं ते विचारत असाल तर मी सीईटी देतेय. कॅपमध्ये सरकारी कॉलेज लागलं तर राजीनामा, नाही लागलं तर खासगीत लाखो भरून जाणार नाही, क्यूसीतच राहून संध्याकाळची एमएस्सी किंवा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) बघेन. पप्पांना ही अट पटली, मावशीला नाही पटली, ती म्हणते नर्सिंग ते नर्सिंग, कुठूनही कर.

तुम्ही जाणार असाल तर फक्त बॅच घ्या, काउन्सेलिंगवर फुली मारा, ते घ्यायलाच पाहिजे असं रिसेप्शनवर सांगतात पण तसं काही नाही, ठाम राहिलं की गप फी घेतात. ॲप्टिट्यूडच्या मॅडम फक्त रविवारच्या सकाळच्या बॅचला आहेत, शनिवारवाल्यांना दुसरं कोणीतरी पुस्तक वाचून दाखवतं, त्यामुळे ॲडमिशन घेताना बॅच रविवार सकाळ असं पावतीवरच लिहून घ्या. फी दोन हप्त्यात भरता येते, मागितलं तरच सांगतात. खाली गाडी लावायला जागा नाही, समोरच्या मेडिकलवाल्याला विचारून लावा, आणि मार्चनंतर जाणार असाल तर पंख्याखालची जागा धरा, एसी फक्त केबिनमध्ये आहे.