इसबासाठी घरपोच ‘ॲलर्जी पॅकेज’: काय घ्यावं, काय वगळावं

कोथरूड असो की हडपसर, सकाळी सातला माणूस दारात येऊन रक्त नेतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. रात्रभर खाजवून दमलेल्या लेकराला लॅबच्या रांगेत बसवावं लागत नाही, ही सोय खरंच मोलाची. पॅकेजबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे.

रिपोर्टात ठळक अक्षरांत येतो टोटल आयजीई, म्हणजे रक्तातल्या ॲलर्जीच्या अँटिबॉडींचं एकूण प्रमाण. तो हजारांत गेला तरी घाबरू नका. त्वचा निवळली तरी हा आकडा फार संथ उतरतो, आणि इसबाच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात तो मुळातच नॉर्मल असतो. औषध लागू पडतंय का हे बघायला दर महिन्याला तो करणं म्हणजे पैसे पाण्यात. अन्नपदार्थांच्या पॅनेलचंही तेच: पॉझिटिव्ह आलं म्हणून, खाल्ल्यावर त्रास होत नसताना, मुलाचं दूध-अंडं बंद करू नका.

त्याऐवजी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) सुटे मागवा. सीबीसीतले इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मायक्रोलिटरमागे 500 च्या वर असतील तर इसबाची धग कळते. पण जंत आणि दम्यानेही ते वाढतात, आणि स्टिरॉइडची गोळी घेतली की काही तासांत पडतात. म्हणून रक्त गोळीआधी द्या. उपाशी राहायची गरज नाही, खाजेची सेट्रिझिनही थांबवू नका.

एलडीएच इसब भडकलं की चढतो, पण घरपोच सेवेची खरी कसोटी इथेच लागते. बारीक सुईतून सिरिंज जोरात ओढली किंवा नळी हिसडली की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातला एलडीएच आकडा खोटाच फुगवतो. जेलची नळी अर्धा तास उभी ठेवून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या यंत्रात, फिरवायला हवी. बुकिंग करतानाच विचारा, सॅम्पल किती वाजता सेंट्रिफ्यूजवर चढणार? रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर तो आकडा धरू नका, नवं सॅम्पल मागा.

इसबाची चढउतार सर्वात इमानाने दाखवतो तो टार्क, ॲलर्जीच्या पेशींना त्वचेकडे बोलावणारं रक्तातलं एक प्रथिन. जपानमध्ये तो आरोग्य विम्यात बसतो. तिथे मोठ्यांसाठी मर्यादा 450 पिकोग्रॅम प्रति मिली, तान्ह्यांची बरीच जास्त. आपल्याकडच्या पॅकेजांत तो सहसा नसतोच. डुपिलुमॅब हे इसबाचं इंजेक्शन चालू असेल तर टार्क काही आठवड्यांत उतरतो, इओसिनोफिल मात्र काहींचे तात्पुरते वाढतात; तेवढ्यावरून इंजेक्शन फसलं म्हणू नका.

आणि पुणेकरांनो, चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण असं उघड्या अंगावरच उठत असेल तर गाजर गवताच्या ॲलर्जीचा संशय घ्या. ती आयजीईत सापडत नाही. तिला त्वचारोग ओपीडीतली पॅच टेस्टच लागते: पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात, आणि 96 तासांनी पुन्हा बघतात.