उन्हाळी ॲक्टिव्हिटी कार्ड्स : सावलीचं कार्ड भारी, बाकी बघून घ्या

सुट्टी लागली की पोरं पुस्तकाकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून हा कार्डांचा सेट ऑनलाईन मागवला आणि पाचवी-सहावीची चार पोरं धरून महिनाभर वापरला. अर्धी कार्डं एक नंबर, अर्धी नुसती भरती. म्हणजे तीच जुनी बेरीज-वजाबाकी, फक्त कोपऱ्यात गॉगल लावलेला सूर्य. पोरं काय येडी आहेत का, लगेच ओळखतात.

सगळ्यात भारी सावलीचं कार्ड. काठी रोवायची, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची, बास. कार्ड म्हणतं १२ वाजता सावली सगळ्यात छोटी, आणि आमची काही केल्या १२ ला होईना, नंतरच व्हायची. पोरांना वाटलं आपलंच चुकतंय, म्हणून दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, मग एकजण म्हणाला सर, सूर्य घड्याळ बघून चालतो का? झालं, तिथून रेखांश, प्रमाणवेळ सगळं निघालं, जे कार्डात नव्हतंच. मग मी इरॅटोस्थेनिस या जुन्या ग्रीक विद्वानाचं सांगितलं. इ.स.पू. २४० च्या आसपास, दक्षिणेकडच्या गावात सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि त्याच दुपारी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ७.२ अंश कललेला, म्हणजे वर्तुळाचा ५० वा भाग, मग दोन गावांमधलं अंतर गुणिले ५० केलं की पृथ्वीचा घेर. गणिताचं नाव काढलं की पोट दुखणारी पोरगी वही घेऊन बसली.

विजेचं कार्डपण चांगलंय, वीज चमकली की गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, ३ ने भागा, साधारण तितके किलोमीटर लांब. पण हे घरात बसून करायचं हे कोपऱ्यात बारीक अक्षरात कशाला छापलंय?

राग आला तो २१ जूनच्या कार्डाचा. सगळ्यात मोठा दिवस ठीक, पण खाली लिहिलंय पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून उन्हाळा! अहो, जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात लांब असते, जवळपास १५.२ कोटी किलोमीटर, जानेवारीत १४.७ कोटी. सगळा खेळ २३.४ अंश कललेल्या आसाचा. मेल टाकला तर ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर. मग मी तेच कार्ड ‘चूक शोधा’ म्हणून पोरांना दिलं, त्यावर अख्खी संध्याकाळ भांडली.

पाचपैकी तीन स्टार. १२ ऑगस्टच्या रात्रीचं उल्कांचं कार्ड अजून बाकी आहे, पोरं आत्तापासून ढगांना शिव्या घालतायत.