क्रीट की सायप्रस? रानातली ऑर्किड पाहायला जाणाऱ्यांसाठी एक तुलना

भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर वसंत ऋतूत जायचे आणि जाणकार मार्गदर्शकाबरोबर आठवडाभर रानातली ऑर्किड शोधायची, असे मनाशी ठरले की निवड बहुतेक वेळा क्रीट आणि सायप्रस या दोन बेटांपाशी येऊन अडते. सिसिली, सार्डिनिया, ऱ्होड्स आणि लेस्बॉस यांचेही निष्ठावान चाहते आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने या दोघांमधूनच निवडावे असे मला वाटते. मी दोन्हीकडे गटाबरोबर जाऊन आलो आहे. पुन्हा संधी मिळाली तर कुठे जाईन हे माझ्यापुरते ठरलेले आहे. तरीही दुसऱ्या कोणाचा कौल वेगळा का पडू शकतो, तेही मांडायला हवे.

बऱ्याच जणांचा निर्णय मुळात तारखाच करून टाकतात. आपल्याकडे कासच्या पठारावर किंवा सह्याद्रीच्या सड्यांवर जमिनीतल्या आमरी, म्हणजे ऑर्किडच, पावसाळ्यात फुलतात, तिकडे मात्र पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे कंद शरदात जागे होतात, थंडीत जमिनीलगत पानांचा झुबका धरतात आणि उन्हाळ्याच्या झळा सुरू होण्याआधी घाईने फुलून मोकळे होतात. सायप्रसचा हंगाम लवकर येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंत सखल भाग उत्तम असतो, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात बरेचसे गवत पिवळे पडलेले असते. क्रीटमध्ये मार्चच्या मध्याला किनाऱ्याजवळ बहर येतो, एप्रिलमध्ये तो डोंगरांच्या मधल्या पट्ट्यात चढतो आणि ओमालोसच्या उंच पठारावर त्याहूनही उशिरा पोहोचतो. मुलांच्या परीक्षा संपल्यावरच ज्यांना घर सोडता येते, अशा मराठी कुटुंबांसाठी प्रश्न येथेच संपतो, कारण मार्चमध्ये निघणे शक्य नसेल तर सायप्रसचा विचार सोडून दिलेला बरा.

ज्यांना दोन्ही महिने मोकळे आहेत, त्यांनी पुढचे वाचावे.

सायप्रसच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे ऑर्किडच्या ऑफ्रिस या कुलातली तिथली एक जात, ऑफ्रिस कोत्शी. एकोणिसाव्या शतकात या बेटावर फिरलेल्या थेओडोर कोत्शी या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. काळीभोर मखमली ओठपाकळी (ऑर्किडची वेगळ्या घडणीची खालची पाकळी) आणि तिच्यावर पांढऱ्या रेषांची ठळक नक्षी असे तिचे रूप एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. लार्नाकाच्या खाऱ्या तळ्याच्या परिसरात ती उगवते. शिवाय पिवळ्या फुलांचे धिप्पाड ऑर्किस पंक्ट्युलाटा आणि ट्रूडोस पर्वताच्या नावाचे ऑर्किस ट्रूडी ही दोन्ही क्रीटमध्ये भेटणार नाहीत. ज्यांना ठराविक दुर्मीळ जातींची यादी पूर्ण करायची आहे, त्यांना या तीन नावांसाठी सायप्रसला जावेच लागेल, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे मला काही कारण दिसत नाही.

क्रीटमध्ये याच गोत्रातले ऑफ्रिस क्रेटिका आहे. काही तज्ज्ञ तर त्याला कोत्शीचीच उपजात मानतात. ते आकाराने जरा लहान आहे आणि नक्षीही थोडी वेगळी असते, पण काळ्यावर पांढरे हे मूळ सौंदर्य तेच. एकाला मुकलो म्हणून हळहळणाऱ्याला दुसऱ्यात पुष्कळ समाधान मिळू शकते, असा माझा अनुभव आहे. क्रीटची एकूण जातसंख्या जास्त आहे असे माहितीपत्रकांत अभिमानाने छापलेले असते. त्या आकड्याला मी फारसे महत्त्व देणार नाही. ऑफ्रिसच्या प्रत्येक स्थानिक रूपाला स्वतंत्र जात मानणारे अभ्यासक आहेत आणि तीच रूपे मोजक्या जातींत बसवणारेही आहेत. त्यामुळे एकाच उतारावरची फुले पाहून एक मार्गदर्शक संध्याकाळच्या यादीत दुप्पट नावे लिहून देतो, तर दुसरा निम्मीच. आकड्यांवर बेट निवडू नये.

माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली ती गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. ती म्हणजे गाडीत चढणे आणि गाडीतून उतरणे.

सायप्रसला आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, पाफोसजवळ होता. तिथली ऑर्किडची उत्तम ठिकाणे लहान लहान आहेत आणि एकमेकांपासून दूर आहेत: काथिकासच्या आसपासचे खडूच्या दगडाचे उतार, निओ होरिओच्या वरची स्मिगिएसची पाइनची झाडी, दक्षिणेला आक्रोतिरीचे द्वीपकल्प. कोत्शीसाठी लार्नाका गाठायचे म्हणजे तर एका बाजूचाच जवळजवळ दीड तासाचा महामार्गाचा प्रवास. परिणामी दिवसाची आखणी थांब्यांवर झालेली असते. मिनीबस कडेला उभी राहते, सगळे उतरतात, मार्गदर्शक पाइनच्या सुया हलकेच बाजूला करून पहिले रोप दाखवतो, छायाचित्रे काढणारे आडवे होतात, बाकीचे त्यांच्या मागे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे राहतात, आणि शेवटचा माणूस गुडघ्यावर बसून भिंग डोळ्याला लावतो न लावतो तोच पुढच्या ठिकाणची वेळ झालेली असते. पुन्हा बुटांचा चिखल झाडा, पुन्हा पट्टा बांधा. असे दिवसातून अनेकदा होते. मार्गदर्शक मनापासून काम करणारा होता आणि ठरलेले सर्व त्याने दाखवले, तेव्हा दोष त्याचा नाही. कदाचित दुसऱ्या आयोजकाने दोन ठिकाणी मुक्काम ठेवून ही धावपळ कमी केलीही असती. पण माझ्या मनातली खंत अशी की इतकी फुले पाहूनही एकाही फुलाजवळ मी निवांत बसलो नाही.

आणि ऑफ्रिसच्या बाबतीत बसणे हेच तर पाहणे आहे. या फुलाकडे मध नसतो. त्याची ओठपाकळी मादी मधमाशीसारखी दिसते आणि तिचा गंध मादीच्या गंधाची नक्कल करतो. जोडीदाराच्या शोधातला नर तिच्यावर उतरतो, फसतो आणि परागांचे पुंजके डोक्याला चिकटवून घेऊन दुसऱ्या फुलाकडे फसायला जातो. अल्जीरियात न्यायाधीश असलेल्या पुयान यांनी वर्षानुवर्षे रानात निरीक्षण करून ही गोष्ट १९१६ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेव्हाँ यांच्यासह प्रसिद्ध केली, तेव्हा ती अनेकांना पटलीही नव्हती. पंधरा मिनिटांच्या थांब्यात त्या निरीक्षणाची पुनरावृत्ती होणे निव्वळ नशिबाचा भाग आहे.

क्रीटमध्ये आमचा मुक्काम स्पिली या डोंगरातल्या गावी होता. गावाच्या चौकात व्हेनिसच्या काळापासून चालत आलेले सिंहमुखांचे कारंजे आहे. तिथून गेराकारीकडे जाणारा घाटरस्ता वर चढला की १,७७७ मीटर उंचीच्या केद्रोस पर्वताच्या पायथ्याशी गिऊस काम्बोस नावाचे पठार लागते. ऑर्किडच्या नादी लागलेल्या युरोपीय लोकांत हे नाव परिचित आहे, आणि का ते गाडीतून उतरल्यावर शंभर पावलांत कळते. शेतकऱ्यांनी नांगरलेल्या पट्ट्यांत फक्त क्रीटमध्ये उगवणारी ट्युलिपा डोरफ्लेरी ही लाल ट्युलिप पसरलेली असते. तिच्या कडेच्या खडकाळ, काटेरी झुडपांच्या जमिनीत ऑर्किस इटालिकाचे गुलाबी तुरे, पिवळे ऑर्किस पाउसिफ्लोरा, फुलपाखरी अनाकाम्प्टिस आणि ऑफ्रिसच्या कितीतरी जाती एकमेकींना खेटून उभ्या असतात. पुढे कुठे जायची घाई नव्हती, कारण पाहायचे ते सगळे पायांखालीच होते. मार्गदर्शकाने सकाळी तासभर सर्वांना एकत्र फिरवले, कुठे पाय ठेवू नये ते सांगितले आणि नंतर ज्याला त्याला आपापल्या फुलापाशी सोडून दिले.

त्या दिवशी मी अनाकाम्प्टिस बोरीचा तुरा पहिल्यांदा नीट पाहिला. बहुतेक ऑर्किडचा तुरा खालून वर उमलत जातो; बोरीचा वरून खाली उमलतो. शेंड्यावरची जांभळी फुले पूर्ण उघडलेली आणि खालच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या, असे ते उलटे चित्र पुस्तकात वाचून माहीत होते, पण त्याच जागी बसून राहिल्यामुळे शेजारच्या रोपांशी ताडून पाहता आले. पुढे ऑफ्रिस हेल्द्राइकीच्या एका रोपापाशी, ज्याची बाहेरची दले गुलाबी आणि ओठपाकळी तपकिरी, केसाळ असते, बराच वेळ थांबल्यावर लांब मिशांची एक नर माशी आली, ओठपाकळीवर क्षणभर उतरली, अस्वस्थपणे फिरली आणि निघून गेली. जाताना तिच्या डोक्यावर दोन पिवळे ठिपके स्पष्ट दिसत होते. माझ्यासाठी निवड तिथे झाली.

अर्थात क्रीटच्या अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. वारा ही सर्वांत मोठी. पठारावर वारा सुटला की मॅक्रो लेन्स घेऊन आलेला माणूस हताश होतो, कारण फूल एका जागी उभेच राहत नाही. दक्षिणेकडचा वारा सहारातली धूळ घेऊन आला तर आकाश दिवसभर पिवळट राहते. चालणे दगडांतून आहे आणि दगड सैल आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना सायप्रसची रुळलेली वाट अधिक मानवेल. सायप्रसमध्ये इंग्रजी सर्वत्र चालते आणि ब्रिटिश राजवटीमुळे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने जातात, म्हणून सहलीनंतर दोन दिवस भाड्याची गाडी घेऊन फिरायचे असेल तर तिथे मन निश्चिंत राहते. पावसाने दिवस वाया गेलाच तर ट्रूडोसमधली भित्तिचित्रांची जुनी देवळे पाहता येतात, जी १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. क्रीटलाही फैस्टोसचे मिनोअन, म्हणजे तिथल्या प्राचीन संस्कृतीचे, अवशेष आहेत, आणि त्या टेकडीच्या उतारावर ऑर्किडही असतात, हा वरचा लाभ. जेवणाच्या बाबतीत मला फरक जाणवला नाही. ईस्टरआधीच्या उपवासाच्या आठवड्यांत दोन्हीकडे तेलातल्या भाज्या, घेवड्याच्या जातीची कडधान्ये, आर्टिचोक आणि द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात असे पदार्थ सहज मिळतात, त्यामुळे शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही.

मार्गदर्शकाशिवाय जावे का, असेही विचारले जाते. पहिल्या खेपेला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. ठिकाणे शोधणे हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे न फुललेली रोपे ओळखता येणे. ज्या रोपाला यंदा फूल आलेले नाही त्याची पाने गवतात दिसत नाहीत आणि छायाचित्रासाठी आडवे होणारा माणूस एका फुलासाठी अशी पाच रोपे चिरडतो. सायप्रसच्या थांब्यांवर, सगळे एकाच रोपाभोवती दाटीने उभे असताना, हे टाळणे कठीण होते. पठारावर माणसे पांगल्यामुळे ते आपोआप टळले. कंद उकरून नेणाऱ्यांमुळेही काही जागा गुप्त ठेवल्या जातात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सालम मिश्री म्हणून जे विकले जाते, तसेच ऑर्किडचे वाळवलेले कंद पूर्व भूमध्य प्रदेशात सालेपच्या पेयासाठी पिढ्यान्‌पिढ्या खणले गेले आहेत. म्हणून मार्गदर्शकाने एखाद्या जागेचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका असे सांगितले, तर ते काटेकोरपणे पाळावे.

तेव्हा मार्चमध्ये निघणाऱ्याने, सपाट वाटा हव्या असणाऱ्याने आणि कोत्शीचा ध्यास घेतलेल्याने सायप्रस निवडले तर त्याची निराशा होणार नाही, असे मला वाटते. बाकीच्यांना मी क्रीट सुचवेन, पण क्रीट या नावावर लगेच पैसे भरू नयेत. तिथेही किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात उतरवून रोज दूरवर नेणाऱ्या सहली असतात, आणि तशा सहलीत माझी सायप्रसची तक्रार जशीच्या तशी उभी राहील. आयोजकाला आधी पत्र लिहून विचारावे की मुक्काम किती वेळा बदलतो, दिवसात सरासरी किती तास गाडीत जातात आणि वारा असेल तर पठाराचा दिवस पुढे-मागे करता येतो का. स्पिलीत किंवा जवळच्या गावात सलग मुक्काम आणि गिऊस काम्बोससाठी निदान एक अख्खा दिवस असे लेखी मिळत असेल, तर एप्रिलच्या मधल्या दोन आठवड्यांतली तारीख धरावी. ग्रीक ईस्टर त्याच सुमारास येत असेल, तर त्या आठवड्यात गावातल्या खोल्या लवकर भरतात, हे लक्षात ठेवून बरेच आधी कळवावे.