वाऱ्याच्या धोक्याची पाहणी: माणूस पक्का, अहवाल जरा कच्चा

लागवडीला वाऱ्याचा धोका किती, हे तपासून देणारी सेवा घेतली. आलेला माणूस झाडांकडे बघेचना, आधी जमीन उकरायला बसला. गुडघाभर खड्ड्यातच पाणी आणि घट्ट थर लागला. मुळं तिथूनच आडवी पसरलेली. म्हणाला, "ही झाडं वाऱ्यानं मोडायची नाहीत, मुळासकट उलथतील." निम्मे पैसे तिथंच फिटले.

मग १.३ मीटर उंचीवर टेप लावून व्यास काढला. २० मीटर उंच आणि २० सेंटीमीटर जाड झाड म्हणजे उंची भागिले जाडी हे गुणोत्तर १००. सूचिपर्णी झाडांत हे साधारण ८० च्या वर गेलं की जोखीम धरतात. दाट लावून विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढणं, लांबवली की झाडं अशीच काडीसारखी वाढतात. पण आता घाईनं भरमसाट विरळणी केली तर शेजारच्या झाडांचा आधार जातो आणि वारा थेट आत शिरतो. म्हणून थोडी थोडी करा, वाऱ्याकडच्या कडेला हात लावू नका, हा सल्ला पटला.

खटकलं ते अहवालात. धोक्याचा वेग, म्हणजे किती वाऱ्याला झाडं पडतील तो आकडा, ब्रिटनच्या फॉरेस्टगेल्स या संगणकीय प्रतिमानावरून काढलाय. ते मुळात सूचिपर्णी झाडांसाठी बेतलेलं. यांनी रुंदपर्णी पट्ट्यालाही तेच आकडे चिकटवले, साधी तळटीपही नाही. विचारलं तर सारवासारव.

चार तारे. बोलवायचं तर विरळणीआधी बोलवा, आणि खड्डा घेतल्याशिवाय सोडू नका.