रिसेल फ्लॅटचं होम लोन : रेट मस्त, व्हॅल्युएशनला मात्र घाम फोडला (३/५)

बँकेचं नाव टाकत नाही, पुण्यातली एक मोठी प्रायव्हेट बँक एवढंच समजा. रेट चांगला मिळाला, सँक्शन लेटर पण पटकन आलं, तिथपर्यंत सगळं गोडगोड. पुढे घोडं अडलं ते टेक्निकलला, म्हणजे बँक आपला माणूस पाठवून फ्लॅटची किंमत काढते तिथे.

फ्लॅट कोथरूडात, वीसेक वर्षं जुनी सोसायटी, व्यवहार ठरला ८२ लाखाला. आमचा हिशोब ८० टक्के म्हणजे ६५.६ लाख लोन, बाकी आपलं. बँकेचा व्हॅल्युअर आला, लेझरने खोल्या मोजल्या, चार फोटो काढले, वॉचमनशी काहीतरी बोलला आणि गेला. आकडा आला ७२ लाख! बँक करार आणि व्हॅल्युएशन यात जो आकडा कमी तोच धरते, म्हणजे लोन ५७.६ वर आलं आणि ८ लाखाचा खड्डा आपल्या डोक्यावर. वर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळेच, ते काय लोनमध्ये धरत नाहीत.

रिपोर्टची कॉपी मागितली तर म्हणे इंटर्नल डॉक्युमेंट आहे. बरीच विनवणी केल्यावर ऑफिसर मॅडमने स्क्रीनवर दाखवला, तर पार्किंगच्या रकान्यात चक्क 'नाही' लिहिलेलं, अहो खाली कव्हर्ड पार्किंग आहे आणि अलॉटमेंट लेटर तुमच्याच फाईलला लावलंय! तुलनेला घेतलेली बिल्डिंग पण समोरची, बिनलिफ्टची. टेरेस बंद करून केलेली खोली मात्र धरली नाही, ते बरोबरच आहे, मंजूर नकाशात नसेल तर कुणीच धरणार नाही, एजंट काहीही सांगू दे.

मग नवऱ्याने आयजीआरच्या (राज्याचा नोंदणी विभाग) साईटवर ई-सर्च करून (तो कॅप्चा म्हणजे डोक्याला ताप) आमच्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे सारांश, काढले. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ सगळं असतं. यातला बाजारभाव रेडी रेकनरवरचा, म्हणजे सरकारी दराने काढलेला; आपल्या उपयोगाचा आकडा म्हणजे मोबदला, व्यवहारात ठरलेली किंमत, त्याला एरियाने भागून दर काढला आणि पार्किंगच्या लेटरसकट मेल टाकला. फोनवर तीच मॅडम 'सिस्टीममध्ये चेंज होत नाही' म्हणत होती, मेलनंतर बँकेच्या पॅनलवरचा दुसरा व्हॅल्युअर आला आणि आकडा ७८ झाला. लोन ६२.४.

दोन्ही रिपोर्ट ऐकून विक्रेते काका २ लाख खाली आले, तेही बायको आतून 'अहो द्या सोडून' म्हणाली म्हणून. ८० ला डील झाली, ठरल्यापेक्षा सव्वाएक लाख जास्त घालावे लागले, सोनं मोडायची वेळ आली नाही. टोकनच्या पावतीवर 'लोन कमी झालं तर टोकन परत' असं आमच्या वकिलांनी आधीच लिहून घेतलेलं, त्यामुळे काकांशी बोलताना आवाज जरा चढा ठेवता आला.

एक स्टार रिपोर्ट लपवल्याबद्दल कापला, दुसरा व्हॅल्युएशनची फी दुसऱ्यांदा आमच्याकडूनच घेतल्याबद्दल. चूक त्यांच्या माणसाची आणि पैसे आमचे, वर पावती मागितली तर अजून 'पाठवतो मॅडम' चालूच आहे.