पणजीतला पुष्परचनेच्या इतिहासाचा वर्ग: पाच शनिवार करून आल्यावर

मी गोव्यातल्या मार्दोळची. लग्नाचे मंडप, बारशी, देवळांतल्या उत्सवांची फुलांची सजावट, हे माझे बावीस वर्षांचे काम. आई म्हाळसेच्या देवळासमोर फाती, म्हणजे जाईच्या फुलांचे गजरे, विकायची. दुपारी जायांच्या कळ्या खुडायच्या, केळीच्या सोपटाचा दोर पाण्यात भिजवून त्यात त्या गुंफायच्या आणि दिवेलागणीला त्या हातातच फुलायच्या, हे बघत मी वाढले. त्यामुळे पणजीच्या फोंतेंया भागातल्या एका जुन्या घरात ‘पुष्परचनेच्या शैलींचा इतिहास’ शिकवतात, असे भाचीने सांगितले तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की साडेसहा हजार रुपये भरून मला तिथे काय मिळणार? पाचही शनिवार केले, एकही चुकवला नाही. जे मिळाले आणि जे मिळाले नाही ते लिहिते आहे. आमच्या धंद्यातल्या बायका-मुलींनी हे वाचावे आणि मग ठरवावे.

वर्ग दहा ते एक, पण दीड-दोन वाजतातच. आम्ही बारा जणी होतो. फुले, भांडी, तार सगळे फीमध्ये येते. अर्धा वेळ बाई चित्रे दाखवून सांगतात, अर्धा वेळ त्या त्या काळाची रचना आपण हाताने करायची. माझ्या मते या वर्गाचे खरे मोल या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

पहिला शनिवार इजिप्तचा. तुतनखामून राजाची कबर १९२२ साली सापडली, तीत शवपेट्यांवर फुलांचे हार आणि गळपट्टे होते. निळ्या कमळाच्या पाकळ्या, ऑलिव्हची पाने, कॉर्नफ्लॉवर नावाची निळी रानफुले. तीन हजारांहून जास्त वर्षे झाली तरी ती ओळखता आली, आणि कोणती फुले कोणत्या महिन्यात येतात यावरून दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत कधीतरी झाले असावे, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. मग बाईंनी ते हार कसे करायचे ते दाखवले. पपायरसच्या पट्टीवर पान दुमडायचे, घडीत पाकळी खोचायची आणि खजुरीच्या पानाच्या बारीक पट्टीने शिवत जायचे. आम्हाला पपायरसऐवजी माडाच्या झावळीचे पाते दिले होते आणि ऑलिव्हऐवजी बकुळीची पाने. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला पंधरा मिनिटे पान दुमडता येईना. माझे बोट मात्र आपसूक चालायला लागले. झाडाच्याच धाग्याने झाडाचे फूल बांधायचे, सुई नाही की नायलॉनचा दोरा नाही. आईची फाती आणि तो हार एकाच हातातून निघाल्यासारखे वाटले मला. पैसे वसूल झाले असे मी त्या दिवशीच घरी येऊन सांगितले.

दुसऱ्या शनिवारी ग्रीस-रोम आणि चीन. ग्रीकांची आणि रोमनांची मुकुटे आम्ही केली तो आठवडा नेमका सांजांवचा, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या संत जॉनच्या सणाचा होता. चोवीस जूनला आमच्या गावाबाहेरच्या वाड्यावरची पोरे डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या घेतात, त्यामुळे मुकुट कसा वळायचा हे बारापैकी सात जणींना आधीच येत होते. रोमजवळच्या हेड्रियनच्या वाड्यातली फुलांच्या परडीची मोझाइक बाईंनी दाखवली, दुसऱ्या शतकातली. सुंदर आहे. चीनवर मात्र फार घाईत गेल्या. १५९९च्या सुमारास युआन होंगदाव नावाच्या माणसाने फुलदाणीतल्या फुलांवर अख्खे पुस्तक लिहिले, फूल कोणत्या भांड्यात, कोणत्या पाण्यात ठेवायचे इथपर्यंत. एवढे सांगून बाई पुढे सरकल्या. मला त्या पाण्याबद्दल ऐकायचे होते. पावसाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी गढूळ होते आणि देठ दोन दिवसांत चिकट पडतात; चारशे वर्षांपूर्वी कोणी यावर विचार केला असेल तर तो मला हवा होता.

तिसरा शनिवार जपानचा. या एका शनिवारासाठी मी पुन्हा फी भरेन.

सुरुवात आपल्याकडून झाली, हे बाईंनी स्पष्ट सांगितले. बुद्धापुढे फुले वाहायची रीत भारतातून चीनमार्गे सहाव्या शतकात जपानला पोचली. क्योटोतल्या रोक्काकुदो मंदिराचे पुजारी तिथल्या तळ्याकाठी राहायचे, म्हणून त्यांच्या परंपरेला इकेनोबो म्हणतात, म्हणजे तळ्याकाठची कुटी. १४६२ साली त्यांच्यातल्या सेनकेई यांनी सोन्याच्या कलशात फुलांच्या फांद्या मांडल्या आणि क्योटोतले जाणकार त्या बघायला लोटले, अशी एका भिक्षूच्या रोजनिशीत नोंद आहे. त्यातून पुढे रिक्का नावाची उंच, भारदस्त शैली आली. आधी सात मुख्य फांद्या, नंतर नऊ. त्या रचनेत मेरू पर्वत कल्पिलेला असतो, असे मानतात. मेरू हा शब्द जपानी फुलांच्या गोष्टीत ऐकून अंगावर काटा आला. देवापुढे मूठभर फुले ठेवण्यापासून सुरू होऊन एक माणूस पर्वतापर्यंत जातो, आणि मग चहाच्या खोलीत सेन नो रिक्यू हा चहाविधीचा गुरू सारे काढून टाकून एकच फूल उरवतो. त्याची गोष्ट सांगतात: बागेत गारवेल भरभरून फुलली आहे हे ऐकून तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी बघायला आला, तर रिक्यूने सगळी फुले खुडून टाकलेली. संतापून तो चहाच्या खोलीत शिरला, तिथे भांड्यात एकच फूल होते.

मग आमच्यासमोर उथळ ताटल्या ठेवल्या आणि प्रत्येकीच्या हातात एक केन्झान दिला. शिशाची जड तळपट्टी आणि तीवर पितळेच्या टोकदार सुया. नावाचा अर्थ तलवारींचा डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी उथळ भांड्यातली मोरिबाना शैली काढली, कारण परदेशातून आलेल्या आखूड देठांच्या फुलांना उंच कलश चालत नव्हते, आणि तिच्याबरोबर केन्झान घराघरांत गेला. मी घरून कर्दळीचे एक पान, तगरीची फांदी आणि एक जास्वंद नेली होती. तीन काड्यांना दीड तास लागला. मी एका दिवसात चाळीस स्टँड उभे करणारी बाई, आणि कर्दळीचे पान कुठे झुकवायचे ते मला ठरवता येईना. बाई मागे येऊन म्हणाल्या, “ताई, मधली जागा भरू नका, ती रचनेतच धरा.” आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मधली जागा दिसली की पैसे कापते. पण तगर अर्ध्या वितीने खाली घेतली आणि पान एकदम उभे राहिले, ते मी डोळ्यांनी पाहिले. जास्वंद संध्याकाळी मिटणार होती. बदलू का, असे विचारले तर बाई नको म्हणाल्या.

चौथा शनिवार फसला. हॉलंड आणि इंग्लंड एकाच सकाळी कोंबले. गोष्टी चांगल्या होत्या: १६३७च्या फेब्रुवारीत ट्युलिपच्या कंदांचा बाजार कोसळला ती, शेजारच्या अँटवर्पचा चित्रकार यान ब्रूगेल एकेक फूल त्याच्या हंगामात समोर ठेवून रंगवायचा ती, राखेल रौइश ही बाई ऐंशी ओलांडल्यावरही फुले रंगवत होती आणि चित्रावर आपले वय लिहायची ती. त्या चित्रांतले गुच्छ कुठल्याच घरात कधी नव्हते, कारण वसंतातले ट्युलिप आणि त्यानंतरच्या महिन्यांतली फुले एका भांड्यात खरोखर भेटत नाहीत, हे ऐकून मी वहीत खूण केली. पण करायला दिले ते बाहेरून ट्रकमधून आलेले ग्लॅडिओला आणि कार्नेशन, तेही मलूल. व्हिक्टोरियन काळातले हातातले छोटे गुच्छ शेवटच्या वीस मिनिटांत उरकले. हा शनिवार दोन करायला हवेत, एवढेच सांगते.

पाचवा शनिवार विसाव्या शतकाचा, आणि इथे माझ्या पोटात कालवले. बाईंनी हिरवी वीट टेबलावर ठेवली. आम्ही तिला ओएसिस म्हणतो. १९५४ साली अमेरिकेत आली. पाण्यात बुडवा, देठ खुपसा, हवा तो आकार द्या. तिच्यामुळेच मंडपातली भिंत, कमान, गोळा हे सगळे शक्य झाले, आणि माझे पोटही तिच्यावर चालले. ती फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे प्लास्टिक आहे, कुजत नाही, चुरा होऊन मातीत-पाण्यात जाते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत ती बंद केली. आमच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या कडेला, ओहोळाजवळ, मी बावीस वर्षे लग्नानंतरच्या विटा टाकत आले. त्या ओहोळाचे पाणी सुपारीला जाते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपायही त्याच दिवशी दाखवला. कॉन्स्टन्स स्प्राय ही इंग्लंडची फुलवाली, जिने १९५३च्या राज्याभिषेकाची फुले मांडली, ती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगाळून भांड्यात घालायची आणि तीत देठ अडकवायची. गुलाबांबरोबर केलची पाने, रानवेली, बिया, जे हाताला येईल ते ती लावायची, आणि त्या काळच्या लोकांना याचा धक्का बसला. जाळी मी फोंड्याच्या हार्डवेअरमधून त्याच संध्याकाळी आणली. पुढच्या दोन बारशांना तीच वापरली. वेळ दीडपट लागतो, मोठ्या कमानीला ती अजून मला साधलेली नाही. मोठ्या भांड्यांना मात्र छान बसते.

आता माझी तक्रार. छापील पुस्तिकेत भारत एका परिच्छेदात संपतो: बुद्धाला फुले वाहिली आणि ती जपानला गेली. पुढे काही नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ-फुलांची नक्षी आहे, फुलांची शेज आहे, माळा गुंफण्याचे प्रकार आहेत, केसांत माळायचे शेखरक आणि आपीड आहेत. आणि आमची माटोळी? चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि कुमया या रानझाडाच्या दोराने तिला बांधायचे: नारळ, सुपारीचे शिपटे, आंबाडे, चिबूड, तोरंजन, कांगलां, कवंडळां, मट्टीची फळे, घागऱ्यो, कळलावीची फुले. भाद्रपदात रान जे देते तेच, दुसरे काही नाही. सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय तिची स्पर्धा घेते, लोक शेकडो प्रकारची फळे-फुले बांधतात. डच चित्रकाराने बारा महिने एका भांड्यात आणले. माटोळी एकाच आठवड्याचे अख्खे रान छपराला टांगते. हे पुष्परचनेच्या इतिहासात नसेल तर तो इतिहास अर्धा आहे. हे मी शेवटच्या दिवशी उभी राहून सांगितले. आवाज चढला असेल माझा.

बाईंनी वही काढली आणि फळांची नावे लिहून घेतली, एकेक, पुन्हा पुन्हा विचारून. कवंडळ म्हणजे कोणते, दोर कुठून काढतात, चौकटीला आधी काय बांधायचे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी येणार आहेत. आई अजून दोर वळते, तिच्या शेजारी बसवीन म्हणते.

पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, मला भाचीकडून वाचून घ्यावी लागली. मराठी-कोकणीत हवी. केन्झान तिथेच विकत मिळतो, थोडा महाग वाटेल पण लोखंडी सुयांचा स्वस्त घेऊ नका, गंजतो. फोंतेंयात गाडी लावायला जागा मिळत नाही, कदंबच्या बसने जा आणि स्टँडवरून चालत या. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाताना स्वतःची कात्री न्या. तिथल्या बोथट आहेत, देठ चिरडतात, आणि चिरडलेला देठ पाणी ओढत नाही.